लायडे गुरुजींचा गळ

गळ्याची शपथ, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दात आत्ता इथे पडोत, चष्म्याची काडी मोडो, आणि पुढच्या जन्मी मला गोष्ट अर्ध्यावर सोडून पळणारी नातवंडं मिळोत. ह्याहून जड शपथ माझ्याकडे नाही. तेव्हा मध्येच "काहीतरीच काय, आजी" करायचं नाही. निमूट ऐकायचं.

मुळाबाईची गोष्ट आहे. मुळाबाई हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती, आणि शब्दांची मुळं खणून काढणं हे तिचं काम. जाडजूड जर्मन कोश होता तो. शब्द जर्मन, अर्थ आपल्या भाषेत, आणि अर्थाच्या खाली बारीक अक्षरांत तो शब्द आला कुठून, त्याचा आजा-पणजा कोण, ते. ती बारीक अक्षरं मुळाबाईची. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, "काय बाई, आज किती मुळे उपटले?" झालं! ती मुळाबाई झाली ती झालीच. तिनेही मनाला लावून घेतलं नाही. "भोपळाबाई म्हणाला नाही, हे काय कमी आहे," म्हणाली.

कचेरी छापखान्याच्या डोक्यावर होती. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलं थरथरायची आणि चहाच्या कपात लाटा उठायच्या. चारी भिंतींना खण, खणांत चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द. छताला पंखा होता, पण तो लावायची कोणाची छाती नव्हती. एकदा एका नव्या कारकुनाने उकाड्याने जीव नकोसा होऊन बटण दाबलं, तर अख्खा खणच्या खण उडाला. सगळी कचेरी गुडघ्यांवर रांगत शब्द वेचत होती. काही शब्द खिडकीतून गेले ते गेलेच, आजतागायत कोशात नाहीत. लोक म्हणतात जर्मन भाषा अवघड आहे. अवघड कसली, निम्मी आमच्याकडून उडून गेलीय!

तिथले संपादक म्हणजे अण्णा. कानावर तांबडी पेन्सिल, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. बोलायचे कमी, आणि शब्दाला इतके पक्के की एकदा "येतो" म्हणाले की भर तापातही हजर.

आता कोशवाल्यांचं एक गुपित सांगते. तुम्ही वर्षानुवर्षं खपून कोश करता, आणि पलीकडच्या रस्त्यावरचा कोणीतरी तो उचलतो, नवं कव्हर चढवतो आणि आपला म्हणून विकतो. चोरी सिद्ध कशी करणार? तो म्हणणार, अर्थ खरे आहेत, मलाही तेच सापडले. खऱ्यावर कोणाचा शिक्का नसतो हो. शिक्का फक्त खोट्यावर मारता येतो. म्हणून दर आवृत्तीत अण्णा एक गळ टाकायचे. गळ म्हणजे एक बारीकशी खोटी नोंद, कोणी जात नाही अशा कोपऱ्यात. चोराने कोश गिळला की गळ त्याच्या घशात.

गळाचे नियम कडक. तो माहीत असायचा फक्त दोघांना, बांधणाऱ्याला आणि अण्णांना. कागदावर लिहायचा नाही. तिसऱ्या माणसासमोर उच्चारायचा नाही, मग तो सख्खा नवरा का असेना. पुढच्या आवृत्तीत गुपचूप काढून घ्यायचा. आणि शेवटचा नियम अण्णा स्वतः सांगायचे, "गळ बेचव हवा. चव आली की नको ते मासे लागतात."

एका आवृत्तीला गळ बांधायची पाळी मुळाबाईची आली. तिने कोपरा निवडला व्याकरणाचा. शब्द होता लायडेफॉर्म.

घाबरू नका, सोपं आहे. ज्या वाक्यात करणारा गायब असतो आणि जे व्हायचं ते नुसतं होत असतं, त्या रूपाला जर्मन लोक लायडेफॉर्म म्हणतात. आपल्याकडे कचेरीच्या कागदांवर असतं बघा, "निर्णय घेण्यात आला आहे." कोणी घेतला? घेण्यात आला! तेच ते. आणि नावाचं मूळही सरळ आहे. लायडन म्हणजे सोसणं, फॉर्म म्हणजे रूप. सोसण्याचं रूप. लॅटिनवाल्यांनी त्याला सोसण्यावरूनच नाव दिलं होतं, ते जर्मनांनी आपल्या शब्दांत घेतलं. बस्स, एवढंच.

मुळाबाईने काय करायचं होतं? शतक चुकवायचं होतं. एखादं अक्षर इकडचं तिकडे करायचं होतं. पण बाईच्या जिभेला पहिल्यापासून गोष्टीची खाज. तिने लिहिलं, की फार पूर्वी एका डोंगरी गावात लायडे नावाचे शाळामास्तर होते. गुरुजी देवमाणूस, त्यामुळे वर्ग राक्षसांचा. गुरुजी आत आले की फळ्याला तेल, खुर्चीला तीन पाय, टोपीत शाई. "काच कोणी फोडली?" विचारलं की वर्ग एका सुरात म्हणायचा, "फोडण्यात आली, गुरुजी." "शाई कोणी ओतली?" "ओतण्यात आली, गुरुजी." "अरे, माझी बकरी छपरावर कोणी चढवली?" "चढवण्यात आली, गुरुजी." शेवटी शाळा तपासायला मोठे साहेब आले. हे ऐकून चक्रावले, म्हणाले, ही कुठली भाषा? गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "साहेब, हे माझ्या वर्गाचं रूप." तेव्हापासून ते लायडे-फॉर्म.

अण्णांनी दार लावून वाचलं आणि इतके हसले की भिंग टेबलावर आपटलं.

"फार चवदार झालाय गं," डोळे पुसत म्हणाले.

"काढू का मग?"

काढ म्हणायला हवं होतं. पण हसून झालं होतं ना! हसलेल्या माणसाच्या हातून तांबडी पेन्सिल चालत नाही. "असू दे," म्हणाले, "ह्या कोपऱ्यात कोण मरायला येतंय."

आला की! नक्कलशेठ आला. हा पलीकडच्या रस्त्यावरचा प्रकाशक, सगळा बाजार त्याला नक्कलशेठच म्हणायचा. त्याने कोश गुरुजींसकट, बकरीसकट गिळला. अण्णांनी बाह्या सरसावल्या. आता ह्याला कोर्टात खेचतो, म्हणाले. आणि त्याच आठवड्यात कचेरीच्या मालकांनी, कोणाला न विचारता न सांगता, सगळी कचेरी खालच्या छापखान्यासकट विकून टाकली. कोणाला? नक्कलशेठलाच! घ्या. गळ माशाच्या घशात आणि मासा कोळ्याच्या खुर्चीत.

अण्णा भिंग खिशात घालून घरी बसले. मुळाबाई कुठे जाणार, ती राहिली. पुढच्या आवृत्तीत नियमाप्रमाणे तिने गुरुजींना गुपचूप काढलं आणि खरं मूळ लिहिलं, तर नक्कलशेठने बोलावून घेतलं.

"बाई, गुरुजी कुठे गेले?"

"ते... खात्रीचं नव्हतं, शेठ."

"वाचकांची पत्रं आलीत. लोकांना गुरुजी हवेत. बसवा परत."

बसवले. सांगणार काय? तिसऱ्या माणसासमोर बोलायचं नाही. मग गुरुजी पाठ्यपुस्तकात गेले, मार्गदर्शिकांमध्ये गेले, शाळांच्या भाषणांत गेले. सुरुवातीला मुळाबाईला गंमत वाटायची. रस्त्यात कोणी गुरुजींची गोष्ट सांगताना कानावर आली की ही आपली पदर तोंडाला लावून पुढे. आपलं पोर गावात नाव काढतंय म्हटल्यावर कोणत्या आईला वाईट वाटतं?

आता घरचं सांगते. घरात माणसं दोन, मुळाबाई आणि तिची भाची. भाची म्हणजे ताईची मुलगी. ताई, मुळाबाईची थोरली बहीण, जर्मन मुलखात म्हाताऱ्या माणसांची उठबस करायच्या कामावर गेली होती. "पोरीला जरा सांभाळ, वर्षभरात बोलावून घेते," म्हणून गेली, आणि ते वर्षभर काही संपेना. कधी कागद अडायचे, कधी रजा अडायची. दर रविवारी फोन. पोरीचे पुढचे दात पडले ते आईला फोनवर कळलं, नवे आले तेही फोनवर. पेन्सिलीची टोकं कुरतडायची सवय, म्हणून मावशी तिला खारू म्हणायची.

खारूला जर्मन मावशीनेच शिकवलं. आईच्या तिकडची भाषा म्हणून पोर जीव टाकून शिकली. शाळेत गुरुजींची गोष्ट ऐकून घरी आली तेव्हा मुळाबाई म्हणाली, "ते सोड. तुला खरं सांगते. लायडन म्हणजे सोसणं. पण खूप जुन्या जर्मनमध्ये ह्याच शब्दाचा अर्थ होता जाणं, वाट चालणं. वाटेत ऊन, वारा, काय काय अंगावरून जातं. ते घेत घेत माणूस जातो. होता होता त्या जाण्याचंच सोसणं झालं."

"आणि लाइड म्हणजे दुःख, ते ह्यातलंच ना?"

"नाही गं. ते वेगळ्या घरचं. शेजारी राहून राहून सख्खं वाटायला लागलं, एवढंच."

खारूने पेन्सिल दातांतून काढली. "म्हणजे आई गेली आणि आई सोसते, दोन्ही एकाच शब्दात."

मुळाबाई भांडी घासायला उठली. भांडी घासलेलीच होती.

दिवस गेले, खारू मोठी झाली. दुभाष्यांची एक सरकारी शाळा होती. तिथे प्रवेश मिळालेल्यांना शेवटची दोन वर्षं जर्मन मुलखात धाडत, राहण्याखाण्यासकट. आईजवळ जायची हीच एक वाट उरली होती. ताईचं आता वय झालं होतं, गुडघे गेले होते, फोनवर दम लागायचा. "तू ये गं," म्हणायची, "मला आता विमानाच्या पायऱ्या चढवत नाहीत."

परीक्षा देऊन खारू उड्या मारत घरी आली. "मावशी, तुझा शब्द आला! लायडेफॉर्मची व्युत्पत्ती!"

मुळाबाईच्या हातातली पळी थांबली. "काय लिहिलंस?"

"काय म्हणजे? खरं ते लिहिलं. जाणं, सोसणं, लॅटिन, सगळं."

"गुरुजींचं नाही ना?"

"मावशी! ती गोष्ट आहे. मूळ थोडंच आहे?"

"शाबास," मुळाबाई म्हणाली. म्हणाली खरी, पण पळी उलटी धरून ढवळत राहिली.

निकाल लागला. खारू यादीच्या उंबऱ्याबाहेर राहिली, एका प्रश्नासाठी. कोणता प्रश्न ते सांगायला नकोच. उत्तरतालिकेत ठणठणीत छापलं होतं: लायडे नावाच्या शाळामास्तरांवरून.

त्या दिवशी मुळाबाईने जन्मात पहिल्यांदा गळाचा नियम मोडला. खारूला समोर बसवून सगळं सांगितलं. खारू बघतच राहिली.

"गुरुजी तू केलेस?"

"मी."

"खुर्चीचे तीन पाय?"

"मीच."

"बकरी?"

"बकरी पण मीच गं."

बकरीला खारू फस्सकन हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मुळाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसरं करता काय येत होतं?

दुसऱ्या दिवशी दोघी परीक्षा मंडळाच्या कचेरीत. लांबच लांब व्हरांडा, भिंतीला टेकून बसलेली माणसं, एका खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेला कारकून.

"आक्षेप घ्यायचाय," मुळाबाई म्हणाली.

"घेण्यात येईल."

"कोण घेईल?"

"बाई, घेण्यात येईल म्हणजे येईल. घेणारा रजेवर आहे."

"मग परत आल्यावर तो निर्णय देईल का?"

"तो कशाला देईल? निर्णय देण्यात येईल." कारकुनाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला इथे इतकी वर्षं झाली, अजून कोणी काही करताना मी पाहिलेलं नाही. आणि तरी सगळं होत असतं. तुम्ही आत साहेबांना भेटा."

साहेब गोड बोलणारे निघाले. अशांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी टेबलावर पुस्तकांची चळत लावली. "हे बघा, इथे गुरुजी. इथे गुरुजी. ह्यात तर चित्रच आहे. एवढी पुस्तकं खोटी आणि तुमची भाची खरी?"

"साहेब, ही सगळी एकाच कोंबडीची पिल्लं आहेत. आणि ती कोंबडी मी."

"म्हणजे?"

"म्हणजे ती गोष्ट मी रचली. मुद्दाम. चोर पकडायला."

साहेबांनी मान तिरकी केली. "भाचीसाठी माणूस काय काय बोलतो, मी समजू शकतो."

"अहो, मी खोटं लिहिलं! लिहून देते हवं तर."

"तुम्ही खोटं लिहिता असं तुम्हीच म्हणताय. मग आता लिहून द्याल ते खरं कशावरून? आणि तुम्ही खोटं लिहीत नसाल, तर मग गुरुजी खरे. बरोबर की नाही?"

जन्मभर शब्दांची मुळं उपटली बाईने, पण ह्या दोन वाक्यांतून बाहेर पडायला तिला फट सापडेना.

"दुसरं कोणी आहे का सांगणारं?" साहेबांनी विचारलं.

"आहेत," ती म्हणाली. "अण्णा."

अण्णा आता खूप म्हातारे झाले होते. सुनेने दार उघडलं, दोघींना आत नेलं. अण्णा खिडकीशी बसले होते, भिंग अजून गळ्यात. मुळाबाईला बघून चेहरा उजळला.

"अण्णा, गळ आठवतो का?"

अण्णांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. "सूनबाई, तू जरा आत जा. आणि ही मुलगी कोण? हिलाही ने." खारू आणि सून स्वयंपाकघरात गेल्या. अण्णांनी उठून, भिंतीला धरत धरत, दार लावून घेतलं. मग वळून म्हणाले, "लायडे गुरुजी! विसरेन होय? चवदार झाला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं."

मुळाबाईचा जीव भांड्यात पडला. तिने सगळं सांगितलं. पोरीची जागा, ताईचे गुडघे, साहेबांची चळत. अण्णा मान हलवत होते. "कधी आहे सुनावणी?"

"सोमवारी सकाळी."

"येतो," अण्णा म्हणाले.

आणि आले! धुतलेला सदरा, कानावर तांबडी पेन्सिल, एका बाजूला सून, एका बाजूला काठी. सुनावणीची खोली मोठी, उंच छताची. लांब टेबलामागे तिघं बसली होती. मधले मुख्य, डावीकडे एक बाई लिहायला, उजवीकडचे गृहस्थ डोळे मिटून विचार करणारे. विचार करता करता बारीक घोरत होते. समोर नक्कलशेठचा वकीलही बसवला होता, कारण पुस्तकं त्याची. आणि भिंतीवर मोठ्या माणसांच्या तसबिरींत शेवटी एक नवी तसबीर होती. दाढीवाला, डोळ्यांत पाणी असलेला माणूस, शाईने भिजलेली टोपी, आणि मागे छपरावर बकरी.

मुळाबाई बकरीकडे बघत राहिली. जशी मनात होती हुबेहूब तशीच. एक शिंग वाकडं आहे असं तिने कुठे लिहिलंही नव्हतं, पण मनात होतं ते वाकडंच. चित्रकाराला कसं कळलं, देव जाणे.

"अण्णासाहेब," मधले म्हणाले, "आपण कोशाचे संपादक होतात. ह्या बाई म्हणतात, लायडे गुरुजी ही बनवाबनवी आहे. एक गळ की काय म्हणतात तो. खरं आहे का?"

घोरणंसुद्धा थांबलं. मुळाबाईने खारूचा हात घट्ट धरला.

अण्णांनी सावकाश मधल्यांकडे बघितलं. मग लिहिणाऱ्या बाईंकडे. मग वकिलाकडे, जरा जास्त वेळ. मग सुनेकडे, खारूकडे. ते काय करत होते हे मुळाबाईला कळलं. अण्णा माणसं मोजत होते.

"कसला गळ?" अण्णा म्हणाले. आवाज खणखणीत. "आमच्या कोशात खोटं अक्षर नाही."

"अण्णा!" मुळाबाई उठली. "अहो अण्णा, सांगा! आता सांगायचंय!"

"बाई, खाली बसा," मधले म्हणाले. "म्हणजे लायडे गुरुजी होऊन गेले?"

"माझ्या हाताखालून छापून गेलेत," अण्णा म्हणाले. "बिचारा माणूस. फार सोसलं त्याने."

लिहिणाऱ्या बाईंनी ते तस्सं लिहून घेतलं, आणि डोळे टिपले.

"अण्णा, माझ्याकडे बघा. मी सांगते, मी परवानगी देते, नियम मोडू दे!"

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. आणि इतक्या मायेने, इतक्या अभिमानाने एक डोळा मिचकावला, की ती खाली बसली.

व्हरांड्यात आल्यावर त्यांनी तिला बाजूला घेतलं, सून ऐकत नाही ना हे बघितलं, आणि कानाशी लागून म्हणाले, "घाबरू नकोस. नक्कलशेठचा वकील आत बसवून तुझ्याकडून कबूल करून घेत होते लबाड. मी अवाक्षर काढलं नाही. शब्द म्हणजे शब्द."

काय म्हणणार? रागवायचं कोणावर? मुळाबाईने वाकून त्यांची पडलेली पेन्सिल उचलली आणि त्यांच्या कानावर ठेवली. "बरं केलंत, अण्णा," म्हणाली. म्हातारा खुशीत काठी टेकत निघून गेला.

उत्तर टपालाने आलं. आपला आक्षेप विचारात घेण्यात आला व फेटाळण्यात आला आहे. खाली सही नव्हती, शिक्का होता.

रविवारी फोन वाजला.

"काय झालं गं?" ताईने विचारलं.

"नाही झालं, आई," खारू म्हणाली.

"कोणी नाही केलं?"

"कोणीच नाही गं. नुसतं नाही झालं."



पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा होती. नियमाप्रमाणे तीच शेवटची संधी. आदल्या दिवशी खारू पेन्सिल कुरतडत बसली होती. "मावशी, परत तोच प्रश्न आला तर काय लिहू?"

मुळाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. खाली शाळेतली मुलं एकमेकांना ढकलत जात होती. कोणीतरी पडलं, आणि कोणी पाडलं ते अर्थातच कोणी सांगेना. "गुरुजी लिही," ती म्हणाली.

"तू सांगतेस हे?"

"मी सांगते. बकरी पण लिही. आईकडे जा बाई एकदाची."

आणि प्रश्न आला! खारूने गुरुजी लिहिले, बकरी लिहिली, टोपीतली शाई लिहिली. तोंडी परीक्षेला साहेबांनी विचारलं, "गुरुजींच्या पत्नीविषयी काही माहिती?" खारू कोणाची भाची! डोळ्याची पापणी न लववता म्हणाली, "त्यांचं नाव पुसण्यात आलं, साहेब." साहेबांनी खूश होऊन टेबलावर थाप मारली. खारूला जागा मिळाली. ती गेली. विमानतळावर ताई गुडघ्याला पट्टा बांधून उभी होती. पोर केवढी झाली, हे पहिल्यांदा तिने फोनवर ऐकलं नाही, डोळ्यांनी पाहिलं.

असे बघू नका माझ्याकडे. शपथ घेतलीय ना मी? हो, घेतलीय. दात आहेत अजून जागेवर.

बरं. एक, फक्त एक बारीकसा तुकडा माझ्या पदरचा आहे. जागा मिळून ती गेल्याचा. तुमची तोंडं एवढीशी झाली होती, म्हणून घातला. प्रश्न आला होता, ते खरं. पण खारू घरी आली, चपला काढल्या, आणि म्हणाली, "हात वळला नाही, मावशी. परत खरंच लिहिलं."

मुळाबाईने आधण ठेवलं. चहा टाकला. दोघींनी तो खिडकीशी बसून प्यायला, आणि रविवार यायची वाट बघत बसल्या.